दूरदेशीची पदवी आणि स्वदेशीचा परवाना



वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात इंझोरी नावाचे गाव आहे. त्या गावचे एक गृहस्थ काही दिवसांपूर्वी आमच्याकडे दोन कागद घेऊन आले. या कुटुंबाने अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे. अडीच एकर कोरडवाहू जमीन, तीत सोयाबीन आणि तूर, आणि एरवी नवराबायकोची मजुरी, यांवर त्यांचा संसार चालतो. थोरली मुलगी बारावी झाली असून तिने वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा दिली. पात्रतेपुरते गुण तिला मिळाले. शासकीय महाविद्यालयातील जागा मात्र थोडक्यात हुकली.

पहिला कागद म्हणजे जमिनीच्या इसारपावतीचा कच्चा मसुदा. "वकीलसाहेब, एवढा वाचून द्या," इतकीच त्यांची विनंती होती. दुसरा कागद त्यांनी खिशात घडी करून ठेवला होता, तो आम्ही मागून घेतला. ते एका दलालाचे छापील पत्रक होते. मध्य आशियातील एका देशात सहा वर्षांत डॉक्टर, एकूण खर्च पंचवीस लाख, भारतीय जेवण, प्रवेशाची हमी, असा त्यात मजकूर होता. इसारपावती कायद्याच्या दृष्टीने ठीक होती. पत्रकात मात्र ज्या गोष्टी प्रथम सांगावयास हव्या होत्या त्या अजिबात लिहिलेल्या नव्हत्या. त्या कोणत्या, हे आमच्या प्रत्येक वाचकाने जाणून घेतले पाहिजे. कारण असा कागद आज त्यांच्या दारी आला, उद्या तो तुमच्या दारी येईल.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मुलीस डॉक्टर करावे, त्यासाठी वेळ पडल्यास समुद्रापार धाडावे, ही इच्छा आमच्या मते सर्वस्वी योग्य आहे. 'आपल्या पायरीने राहावे' हा उपदेश ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यानपिढ्या ऐकला, त्यांच्या घरात ही इच्छा जन्मास यावी, हे धम्मक्रांतीचेच फळ होय. अंथरूण पाहून पाय पसरावे असे कोणी तुम्हास सांगू लागला, तर हे अंथरूण आखूड कोणी ठेवले, असे त्यास अवश्य विचारा.

विद्येसाठी दूर जाणे आपल्या धम्माच्या इतिहासातही नवे नाही. विनयपिटकाच्या महावग्गात जीवकाची कथा आहे. राजगृहात जन्मताच उकिरड्यावर टाकून दिलेले हे मूल राजपुत्र अभयाने वाढविले. हाती एखादी विद्या असल्याखेरीज राजकुळात आपला निभाव लागणार नाही, हे ओळखून जीवक मगध सोडून दूर तक्षशिलेस गेला व तेथे सात वर्षे वैद्यक शिकला. सात वर्षांनंतर आचार्यांनी त्यास तक्षशिलेच्या सभोवती एक योजन फिरून औषधी नसलेली वनस्पती शोधून आणण्यास सांगितले. तो रिकाम्या हातांनी परतला, कारण अशी एकही वनस्पती त्यास आढळली नाही. तेव्हा आचार्यांनी त्याची विद्या पुरी झाल्याचे सांगितले. परतीच्या वाटेवर साकेत नगरीत त्याची शिदोरी संपली. तेथे एका श्रेष्ठीची पत्नी सात वर्षे मस्तकशूळाने पीडित होती. नामांकित वैद्य तिच्याकडून पुष्कळ द्रव्य घेऊन गेले होते, पण गुण आला नव्हता. हा तरुण वैद्य तिला म्हणाला की आधी काहीही देऊ नका, बऱ्या झाल्यावर वाटेल ते द्या. पुढे हाच जीवक भगवान बुद्धांचा आणि भिक्षुसंघाचा वैद्य झाला.

जीवकाने आधी परीक्षा दिली आणि मोबदला सर्वांत शेवटी घेतला. आजचा दलाल मोबदला आधी घेतो आणि परीक्षेचे नावही काढीत नाही.

महाराष्ट्रानेही ही वाट पाहिली आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या आणि १८८६ साली पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळविली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली होती. परंतु त्या परतल्या त्या क्षयाने खंगलेल्या देहाने, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, पुण्यात त्यांचे निधन झाले. सुतार समाजातील रखमाबाईंनी तर आधी न्यायालयाची लढाई लढली. बालपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदावयास जा, नाहीतर तुरुंगात जा, असा हुकूम १८८७ साली झाला असता त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. पुढे तडजोड होऊन त्या सुटल्या, १८८९ साली लंडनला गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ स्त्रियांची सेवा केली. त्यांच्या शिक्षणासाठी हितचिंतकांनी निधी उभा केला होता, ही गोष्ट येथे लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आणि परमपूज्य बाबासाहेब? ते वैद्यकाचे विद्यार्थी नव्हते. परंतु गरिबाच्या मुलाने परदेशी कसे शिकावे, याचा वस्तुपाठ त्यांच्याहून दुसरा कोणता? १९१३ साली ते न्यूयॉर्कला गेले ते बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर, आणि शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार लिहून देऊन. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. त्यांनी सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, पगारातून पै पै साठविली, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज घेतले, आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठून अभ्यास पुरा केला. ज्या पुरुषाच्या विद्वत्तेस तोड नव्हती, त्यालाही पैशाअभावी मध्येच परतावे लागले. पुन्हा निघताना त्याने आधी हिशेब केला आणि मग जहाजात पाऊल ठेवले. बाबासाहेबांचे नाव घेऊन परदेशी निघणाऱ्याने त्यांची ही रीतही घ्यावी.

आता कायदा पाहू. पदवी विद्यापीठ देते. रोग्यास औषध देण्याचा परवाना मात्र त्या त्या देशाचा कायदा देतो. ही दोन वेगळी प्रकरणे आहेत, आणि दलालाच्या पत्रकात केवळ पहिल्याचा उल्लेख असतो.

परदेशी वैद्यकीय पदवी घेऊन भारतात डॉक्टरकी करू इच्छिणाऱ्यास प्रथम नीट परीक्षेत पात्र ठरावे लागते. हा नियम २०१८ पासून आहे. 'नीटची गरज नाही' असे जो सांगेल तो तुम्हास फसवीत आहे, असे खुशाल समजा. त्यानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे १८ नोव्हेंबर २०२१ चे विनियम लागू होतात. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमातून झालेला असावा. त्याखेरीज त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता पुरी केलेली असावी. ज्या देशाची पदवी, त्या देशात तेथील नागरिकांच्या बरोबरीने डॉक्टरकी करण्याचा परवाना त्या पदवीवर मिळण्याजोगा असावा. जे शिक्षण त्या देशातच परवान्यास अपुरे ठरते, ते येथे चालणार नाही. हे सर्व प्रवेशापासून दहा वर्षांच्या आत पुरे झाले पाहिजे. यांपैकी एक अट जरी हुकली, तरी सहा वर्षांचे कष्ट आणि विकलेली जमीन दोन्ही वाया जातात. कारण पुढे कितीही अभ्यास केला तरी ती उणीव भरून निघत नाही.

एवढे झाल्यावर भारतात परतून चाळणी परीक्षा द्यावयाची. ती २००२ पासून घेतली जाते. तीत ३०० प्रश्न असतात आणि १५० गुण मिळाले तर उत्तीर्ण. पन्नास टक्के ऐकून सोपे वाटते. परंतु अनेक सत्रांत उत्तीर्णांचे प्रमाण बसलेल्यांच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी राहिले आहे. उत्तीर्ण झाल्यावर पुन्हा १२ महिने भारतातील रुग्णालयात आंतरवासिता करावयाची. म्हणजे पत्रकातील सहा वर्षांची प्रत्यक्षात सात-आठ वर्षे होतात. या काळात घर कोण चालविणार, परीक्षेच्या शिकवणीचे पैसे कोठून येणार, डॉलर महागला की शुल्क किती वाढणार, हा हिशेब पत्रकात नाही. तो तुम्हास घरी बसून मांडावा लागेल.

कोणी म्हणेल, आमच्या मुलीस तिकडेच राहून डॉक्टरकी करू द्या. अवश्य करावी. परंतु प्रत्येक देशाचा दरवाजा निराळा आहे. मध्य आशियातील पदवी घेऊन इंग्लंडमध्ये काम करावयाचे तर इंग्रजी भाषेची परीक्षा, तेथील वैद्यक परिषदेची परीक्षा आणि नोंदणी लागते. अमेरिकेत तर टप्प्याटप्प्याच्या परीक्षा देऊन शिवाय रुग्णालयातील निवासी प्रशिक्षणाची जागा स्पर्धेने मिळवावी लागते. जर्मनीत जर्मन भाषा आल्याखेरीज रोग्याजवळ उभे राहू देत नाहीत. परीक्षा चुकविण्याची वाट कोठेही नाही.

या वाटेवर मनुष्याच्या हाती नसलेली संकटेही येतात. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा तेथे हजारो भारतीय मुलेमुली वैद्यक शिकत होती. तळघरांत रात्री काढून आणि सीमेपर्यंत पायपीट करून ती परतली. जीव वाचला, पण अभ्यास तुटला. परदेशी विद्यापीठातील विद्यार्थ्यांस मध्येच भारतीय महाविद्यालयात सामावून घेण्याची तरतूद कायद्यात नाही, असे केंद्र सरकारने त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात सांगितले. पुढे २०२३ साली शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपुरती एकवेळची सवलत मिळाली. ज्यांनी घर गहाण टाकून मुले धाडली होती, त्यांची स्थिती काय झाली असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

मग आमचा सल्ला काय? पहिला सल्ला असा की घरचा हक्क पुरा वापरल्याशिवाय परदेशाचे तिकीट काढू नका. इंझोरीच्या मुलीसाठी यवतमाळ आणि अकोला येथील शासकीय महाविद्यालये पूर्वीपासून आहेत. २०२४ साली तिच्या स्वतःच्या जिल्ह्यात, वाशिम येथे, १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. राज्याच्या वाट्याच्या जागांत अनुसूचित जातींस १३ टक्के आणि अखिल भारतीय वाट्यात १५ टक्के आरक्षण आहे. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्यास मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतून शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क भागते. सीमेपलीकडे पाऊल टाकताच हे सारे मागे राहते, आणि आपली मुलगी तेथील संस्थेच्या लेखी पैसे भरणारे एक गिऱ्हाईक ठरते. म्हणून एका वर्षाच्या पुनर्परीक्षेस कमी लेखू नका. अडीच एकर एकदा गेली की परत येत नाही. वर्ष मात्र अभ्यासाने भरून काढता येते.

येथे नवदीक्षितांस एक गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे. बौद्ध म्हणून नोंद केली तर सवलती जातील, या भीतीने पुष्कळ कुटुंबे शाळेच्या दाखल्यावर जुनाच धर्म ठेवतात. ही भीती आता निराधार आहे. १९५० च्या आदेशाने बौद्धांस अनुसूचित जातींच्या हक्कांतून वगळले होते, हे खरे. महाराष्ट्र राज्याने १९६० साली नवबौद्धांस आपल्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राचे दार १९९० च्या दुरुस्तीने उघडले. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यास आज दोन्हीकडे हक्क आहे. मात्र तो हक्क कागदावर सिद्ध करावा लागतो. उपविभागीय अधिकाऱ्याकडून जातीचे प्रमाणपत्र घ्या, केंद्राच्या कामासाठी केंद्राच्या नमुन्यातील प्रत वेगळी घ्या, आणि जिल्हा पडताळणी समितीकडून वैधता मुलगी अकरावी-बारावीत असतानाच मिळवा. दीक्षेनंतर नाव किंवा आडनाव बदलले असेल तर ते राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या. शाळेचा दाखला, परीक्षेचा अर्ज आणि पारपत्र यांवर एकच नाव असू द्या. परदेशी जाणाऱ्यासही हे लागते, कारण नीटची पात्रता अनुसूचित जातीस ४० शतमकावर आणि खुल्या वर्गास ५० शतमकावर ठरते. दीक्षा लपवून सवलत वाचत नाही. उलट दोन नावांच्या घोळात ती हातची जाते.

येथे एक आक्षेप आम्ही टाळू इच्छीत नाही. काही आईबाप म्हणतात, इथल्या वसतिगृहांत आमच्या मुलांस जातीवरून टोचून खातात; २०१९ साली मुंबईत एका आदिवासी डॉक्टर मुलीचा कसा शेवट झाला, ते आम्ही पाहिले आहे; त्यापेक्षा परदेश बरा. हे दुःख खरे आहे, आणि त्यास उत्तर म्हणून आम्ही केवळ धीर देणार नाही. छळ झाल्यास अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, विद्यार्थ्यांच्या तक्रारी लेखी देण्याची सोय आहे, आणि समाजातील वकिलांनी अशा मुलांच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे. आमची सेवा आम्ही येथेच देऊ करीत आहोत. परंतु भीतीपोटी रणांगण सोडले तर मिळविलेली जागा रिकामी पडते, हेही विसरू नका.

दुसरा सल्ला परदेशाविषयीच आहे. एमबीबीएस येथे करून पदव्युत्तर शिक्षणास जो परदेशी जाईल, त्याच्या मागे शासन उभे असते. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच आहे. सार्वजनिक आरोग्य, रोगप्रसाराचे शास्त्र, औषधशास्त्र यांसारखे विषय या वाटेने शिकता येतात. सिकलसेलसारखा रक्तरोग आपल्या विदर्भात घरोघरी दुःख देत आहे. त्याचा अभ्यास करून परतणारी एक मुलगी आपल्या समाजास दहा पत्रकांपेक्षा मोलाची ठरेल.

परंतु शासनास येथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे. या दोन्ही शिष्यवृत्त्या पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन यांसाठी आहेत. परदेशी पहिली वैद्यकीय पदवी घेणाऱ्या गरीब मुलास त्यांतून एक पैसाही मिळत नाही. बौद्धांसह अल्पसंख्याकांस परदेशी उच्च शिक्षणाच्या कर्जावरील व्याजात सवलत देणारी केंद्राची योजनाही २०२२ साली बंद झाली. ज्याच्याकडे पैसा आहे तो जाईल आणि ज्याच्याकडे केवळ जमीन आहे तो ती विकेल, असा याचा अर्थ होतो. १९४२ साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणासाठी स्वतंत्र तरतूद मागितली होती. आज आमची मागणी अशी आहे की शासकीय वैद्यकीय जागा वाढवाव्यात. आणि आयोगाच्या सर्व अटी पुऱ्या करणाऱ्या परदेशी संस्थेत प्रवेश मिळविलेल्या अनुसूचित जातीच्या गुणवंत मुलास पहिल्या पदवीसाठीही साहाय्य द्यावे. दलालांची नोंदणी व्हावी आणि खोटी हमी देणाऱ्यावर खटला भरला जावा.

तरीही ज्यास जावयाचेच असेल, त्याने जमिनीस हात लावण्यापूर्वी कर्जाचे मार्ग पाहावेत. बँकांचे शैक्षणिक कर्ज आहे. राष्ट्रीय अनुसूचित जाती वित्त महामंडळाची परदेशी शिक्षणासाठी कर्जयोजना आहे. जमिनीचा सातबारा एकदा नीट वाचून घ्या. तीवर भोगवटादार वर्ग दोनची नोंद असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री करता येत नाही, आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण योजनेतील जमीन तर विकताच येत नाही. अशा जमिनीचा इसार घेऊन बसलात तर पदवीही नाही आणि जमीनही नाही, अशी अवस्था होईल. दलालास रोख रक्कम देऊ नका. शुल्क संस्थेच्या खात्यात बँकेमार्फत भरा. विद्यापीठाकडून अभ्यासक्रमाची मुदत, माध्यम, आंतरवासिता आणि तेथील परवाना या चारही बाबी लेखी मागा. जो लेखी देण्यास कचरतो, त्याच्या तोंडी हमीस किंमत नाही.

प्रत्येक विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास या कामास द्यावा, असे आम्हास सुचवावेसे वाटते. गावातील एखादा शिक्षक, तालुक्यातील एखादा डॉक्टर आणि एखादा वकील यांनी बसून मुलांचे दाखले, अर्ज आणि असली पत्रके तपासावीत. भगवंतांनी रुग्णसेवेस स्वतःच्या सेवेइतके मानले. रुग्णसेवक घडविण्याचे काम विहारात व्हावे, यात अनुचित काय?

इंझोरीच्या गृहस्थांस आम्ही हे सर्व सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मुलगी मात्र शेजारीच बसून सारे ऐकत होती. ती म्हणाली, "साहेब, तिकडे जाऊन आल्यावरही परीक्षा द्यावीच लागणार असेल, तर इथलीच परीक्षा मी आधी पुन्हा का देऊ नये?" वडिलांनी इसारपावतीची घडी केली आणि खिशात ठेवली. ती फाडा असे आम्ही त्यांना सांगितले नाही. निर्णय त्यांचा आहे. पुढच्या वर्षी जागा मिळाली नाही तर दुसरा कागद पुन्हा उघडू, त्यातील प्रत्येक ओळ कायद्याच्या कसोटीवर घासू, आणि ती टिकली तर मुलीस आनंदाने निरोप देऊ. तूर्त तिने पुस्तके उघडली आहेत, आणि जमीन अजून त्यांचीच आहे.

जय भीम.